महाराष्ट्रात निवासी व्यसनमुक्ती केंद्र सुरू करताना: नोंदणीपासून पहिल्या रुग्णाच्या भरतीपर्यंत

निवासी व्यसनमुक्ती केंद्र काढण्याचा विचार आपल्याकडे बहुधा दोन प्रकारच्या माणसांच्या मनात येतो. एक म्हणजे स्वतः दारू किंवा गर्द सोडून काही वर्षे झालेला माणूस, ज्याला आपल्यासारख्याच इतरांना हात द्यावासा वाटतो. आणि दुसरा म्हणजे एखादा न्यास, डॉक्टर किंवा सामाजिक कार्यकर्ता, ज्याच्या तालुक्यात अशी सोयच नसल्यामुळे घरच्यांना रुग्णाला घेऊन लांबच्या शहरात जावे लागते. दोघांचाही पहिला प्रश्न एकच असतो, की परवाना कुठून काढायचा. या लेखात त्याचे उत्तर क्रमाने दिले आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र मिळवणे हा त्यातला सोपा भाग आहे. दाराला कडी लागल्यावर आत राहिलेल्या माणसाबद्दल कोणी, कोणाला आणि किती दिवसांत जाब द्यायचा, हे ठरवण्यासाठीच हा सगळा कायदा उभा आहे, आणि केंद्राची घडी पहिल्या दिवसापासून त्या जबाबदारीभोवती बसवली नाही तर प्रमाणपत्र असूनही केंद्र बेकायदा वागू शकते.

कायदा आपल्याला लागू होतो का

या क्षेत्राचा मुख्य कायदा म्हणजे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७. तो २०१८ मध्ये अमलात आला आणि १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्याची जागा त्याने घेतली. आपल्याकडे मनोरुग्ण नसतात, दारू पिणारे असतात, तेव्हा हा कायदा आपल्याला कशाला, असे म्हणणारे केंद्रचालक आजही भेटतात. त्याचे उत्तर कायद्याच्या दुसऱ्या कलमातच आहे. मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा स्पष्ट समावेश आहे. त्याच कलमात मानसिक आरोग्य आस्थापनेची व्याख्या आहे, आणि ती मुद्दाम रुंद ठेवलेली आहे: नाव काहीही असो, मालकी शासनाची, न्यासाची, सहकारी संस्थेची, कंपनीची किंवा एकट्या व्यक्तीची असो, उपचारपद्धती आयुर्वेदाची, योगाची किंवा होमिओपॅथीची असो, जिथे अशा व्यक्तींना काळजी, उपचार, विश्रांती किंवा पुनर्वसनासाठी दाखल करून थोड्या काळासाठी का होईना ठेवले जाते, ती जागा मानसिक आरोग्य आस्थापना ठरते. त्यामुळे फलकावर ‘आश्रम’, ‘संस्कार केंद्र’ किंवा ‘पुनर्वसन गृह’ असे लिहिल्याने कायद्यातून सुटका होत नाही. रुग्ण आपल्या नातेवाइकांबरोबर किंवा मित्रांबरोबर राहतो ते कुटुंबाचे घर तेवढे या व्याख्येतून वगळलेले आहे.

येथे तीन गैरसमज वेळीच दूर करावेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे झालेली न्यासाची नोंदणी संस्थेला अस्तित्व देते. रुग्ण दाखल करून घेण्याचा अधिकार देत नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनेतून पुनर्वसन केंद्रासाठी मिळणारे अनुदान हे पैशांचे साहाय्य असते, आणि ते मिळाले म्हणून २०१७ च्या कायद्याखालील नोंदणी आपोआप होत नाही. तिसरे असे की नोंदणी राज्यनिहाय असते: कोल्हापुरात नोंदलेल्या संस्थेला पणजीत शाखा काढायची असेल तर तिला गोव्याच्या राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे, म्हणजे नोंदणी करणाऱ्या तिथल्या यंत्रणेकडे, स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

एवढा कडक कायदा का, असे ज्यांना वाटते त्यांनी तमिळनाडूतील एरवाडीची आठवण ठेवावी. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे रामनाथपुरम जिल्ह्यातील या गावातल्या एका खासगी मनोरुग्ण निवासाला आग लागली आणि २८ जणांचा मृत्यू झाला. त्यांतल्या बहुतेकांना साखळ्यांनी बांधून ठेवलेले असल्यामुळे त्यांना पळताही आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. आजच्या कायद्याच्या कलम ९५ मध्ये कोणत्याही रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंड घालण्यास सरळ मनाई आहे, आणि त्या वाक्याला कोणताही अपवाद जोडलेला नाही.

पहिली पायरी: माणसे जमवणे

बरेच नवे चालक आधी इमारत भाड्याने घेतात, मग फलक लावतात आणि डॉक्टरांचा शोध सर्वांत शेवटी घेतात. हा क्रम उलटा असावा असे माझे ठाम मत आहे, कारण कायद्याने मागितलेल्या बहुतेक गोष्टी माणसांच्या पात्रतेवर अवलंबून आहेत.

‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या शब्दाला कायद्यात ठराविक अर्थ आहे. त्यात मनोविकारतज्ज्ञ येतात. राज्य प्राधिकरणाकडे नोंदलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोसामाजिक कार्यकर्ते येतात. तसेच आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी आणि सिद्ध या पद्धतींतील मनोविकारविषयक पदव्युत्तर पदवीधर येतात. समुपदेशनाचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम केलेली व्यक्ती किंवा दहा वर्षे दारूपासून दूर राहिलेला कार्यकर्ता यांचे मोल केंद्रात फार मोठे असते, रुग्ण कित्येकदा त्यांच्याशीच सर्वांत मोकळेपणाने बोलतो. परंतु भरतीच्या निर्णयावर त्यांची सही चालत नाही. ही गोष्ट कार्यकर्त्यांना पहिल्याच बैठकीत नीट समजावून सांगावी, नाहीतर पुढे मने दुखावतात आणि कागदही चुकतात.

डॉक्टरांची गरज केवळ कायद्यामुळे नाही. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी थांबली की पहिल्या दोन दिवसांत त्याला झटके येऊ शकतात, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम, कंप, ताप आणि प्रचंड अस्वस्थता असलेली अवस्था उद्भवू शकते, जिच्यावर वेळीच उपचार न झाल्यास जीव जातो. अशा रुग्णाला ‘नाटके करतो’ म्हणून खोलीत कोंडणे म्हणजे त्याच्या मृत्यूला निमंत्रण देणे होय. म्हणून मनोविकारतज्ज्ञाशी लेखी करार, रात्री प्रत्यक्ष हजर असणारी प्रशिक्षित परिचारिका किंवा परिचारक, आणि अतिदक्षता विभाग असलेल्या जवळच्या रुग्णालयाशी आधीच झालेले बोलणे, या तीन गोष्टी जुळल्याशिवाय विषमुक्तीचे, म्हणजे नेहमीच्या भाषेत डिटॉक्सचे, रुग्ण घेऊ नयेत. त्या जुळत नसतील तर विषमुक्ती रुग्णालयात करून घेऊन त्यापुढचा पुनर्वसनाचा टप्पाच आपल्याकडे ठेवणे हा प्रामाणिक मार्ग आहे.

पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झाले आणि त्याच्या संस्थापकांपैकी डॉ. अनिता अवचट या स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या, ही गोष्ट नव्या मंडळींनी लक्षात घ्यावी. वैद्यकीय आधार आणि माणुसकीचे वातावरण एका छताखाली नांदू शकतात, हे आपल्या राज्यात चाळीस वर्षांपूर्वीच दिसलेले आहे.

दुसरी पायरी: जागा

जागेच्या बाबतीत अग्निसुरक्षा सर्वांत वर ठेवावी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार जागेचा मालक किंवा भोगवटादार यंत्रणा सुस्थितीत ठेवण्यास जबाबदार असतो, आणि परवानाधारक संस्थेकडून तसे प्रमाणपत्र घेऊन ते दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करावे लागते. व्यसनमुक्ती केंद्रांत रुग्ण पळून जाऊ नये म्हणून खिडक्यांना जाड गज आणि दारांना बाहेरून कुलपे लावण्याची जुनी सवय आहे. रात्री आग लागली तर त्या कुलपाची किल्ली कोणाकडे असेल, आणि ती व्यक्ती झोपलेली असेल तर दुसरी किल्ली कुठे असेल, या प्रश्नाचे उत्तर ज्या चालकाला लगेच देता येत नाही त्याने अर्ज करण्याची घाई करू नये.

इंजेक्शने, सुया आणि मलमपट्टीचा कचरा निर्माण होत असल्यामुळे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. स्वयंपाकघरासाठी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना घ्यावा. जागेचे स्वरूप शुश्रूषागृहाचे असेल तर १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याचाही प्रश्न येतो. तो आपल्याला लागू आहे किंवा नाही हे महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाला किंवा ग्रामीण भागात जिल्हा आरोग्य यंत्रणेला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे. तोंडी ‘चालतंय’ या उत्तरावर कोणीही विसंबू नये.

महिला रुग्ण घ्यायच्या असतील तर स्वतंत्र निवास, महिला कर्मचारी आणि सॅनिटरी साहित्य यांची सोय आधी करावी. तीन वर्षांखालील मूल असलेल्या स्त्रीला तिच्या मुलापासून साधारणपणे वेगळे करू नये, असे कायदा सांगतो, त्यामुळे पाळण्याची जागाही नकाशात हवी. ही सोय नसेल तर महिला रुग्ण घेऊ नयेत. पुरुषांच्या केंद्रात एक खोली ‘बायकांची’ म्हणून राखून ठेवणे पुरेसे नाही.

तिसरी पायरी: अर्ज आणि नोंदणी

कलम ६५ नुसार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी झाल्याशिवाय कोणालाही अशी आस्थापना सुरू करता किंवा चालवता येत नाही. नोंदणीसाठी चार गोष्टींची पूर्तता पाहिली जाते: सुविधा व सेवांची किमान मानके, कर्मचाऱ्यांची किमान पात्रता, नोंदी ठेवण्याची व अहवाल पाठवण्याची व्यवस्था, आणि नियमांनी घातलेल्या इतर अटी. आस्थापनांचे वर्ग पाडून प्रत्येक वर्गासाठी वेगळी मानके ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे, म्हणून आपण कोणत्या वर्गात अर्ज करत आहोत हे विहित नमुना भरण्यापूर्वीच निश्चित करावे.

प्रक्रिया दोन टप्प्यांत चालते. विहित नमुन्यात, शुल्कासह अर्ज पोहोचल्यापासून १० दिवसांच्या आत प्राधिकरणाने तात्पुरत्या नोंदणीचे प्रमाणपत्र द्यायचे असते, आणि त्यासाठी आधी चौकशी करण्याचे बंधन त्याच्यावर नसते. हे प्रमाणपत्र १२ महिने चालते आणि त्याचे नूतनीकरण करता येते. प्रमाणपत्र दिल्यापासून ४५ दिवसांच्या आत आस्थापनेचा तपशील छापील आणि ऑनलाइन स्वरूपात प्रसिद्ध केला जातो.

हा टप्पा सोपा आहे, म्हणूनच तो नवख्यांना चकवतो. तात्पुरत्या प्रमाणपत्राचा अर्थ एवढाच, की आपण जे लिहून दिले ते प्राधिकरणाकडे पोहोचले आहे. आपल्या उपचारांची किंवा जागेची कोणी पारख केली असा त्याचा अर्थ होत नाही. तरीही त्याच आठवड्यात फलकावर ‘शासनमान्य’ असे ठळक अक्षरांत रंगवून घेणारे चालक असतात. कर्ज काढून मुलाला घेऊन आलेली आई तो शब्द वाचूनच पैसे भरते. तिची अशी दिशाभूल करू नये. फलकावर नोंदणी क्रमांक, नोंदणी तात्पुरती असल्यास तसा उल्लेख आणि मुदत संपण्याची तारीख लिहावी.

कायम नोंदणीसाठी ठरवून दिलेल्या मानकांची पूर्तता झाल्याचे पुरावे जोडून अर्ज करावा लागतो, आणि हे पुरावे प्राधिकरण ३० दिवस जनतेसमोर ठेवते, जेणेकरून कोणालाही हरकत घेता यावी. शेजाऱ्यांच्या हरकती या काळात हमखास येतात. त्यांतल्या काही पूर्वग्रहातून आलेल्या असतात, पण रात्रीच्या आरडाओरड्याची किंवा सांडपाण्याची तक्रार खरीही असू शकते. परिसरातल्या लोकांना आधीच बोलावून केंद्र दाखवले असेल तर उत्तर देणे सोपे जाते. नोंदणी नाकारली गेली किंवा रद्द झाली तर ३० दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अपील करता येते.

प्रमाणपत्र दर्शनी जागी लावणे बंधनकारक आहे आणि ते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. केंद्राची मालकी बदलली तर एका महिन्याच्या आत प्राधिकरणाला कळवायचे असते. प्रमाणपत्राशेजारी आणखी एक फलक लागतो, जो बहुतेक ठिकाणी विसरला जातो: रुग्णांच्या भरतीचा आढावा घेणाऱ्या आणि त्यांचे अर्ज ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक. रुग्णाला त्या मंडळाकडे अर्ज करण्यासाठीचे नमुने द्यायचे असतात आणि मंडळाला फोन करायचा असेल तर तो विनामूल्य करू द्यायचा असतो. जिल्हा न्यायाधीश किंवा त्या दर्जाची व्यक्ती या मंडळाच्या अध्यक्षस्थानी असते. सदस्यांत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, डॉक्टर, आणि आजाराचा अनुभव असलेल्या व्यक्ती किंवा त्यांची काळजी घेणारे लोक असतात.

चौथी पायरी: भरती

केंद्रे कायद्याच्या कचाट्यात सापडतात ती बहुधा येथेच, म्हणून या पायरीवर थोडे थांबावे.

सर्वांत चांगली भरती म्हणजे कलम ८६ खालील स्वतंत्र भरती. रुग्ण प्रौढ असतो, आपण कशासाठी दाखल होत आहोत हे त्याला समजते, त्याच्यावर दबाव नसतो आणि तो स्वतः अर्ज करतो. अशा रुग्णाला त्याच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय कोणताही उपचार देता येत नाही. आणि त्याने घरी जायचे म्हटले की त्याला सोडावे लागते. अपवाद एकच आहे: तो स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याच्या स्थितीत आहे, स्वतःची काळजी घेऊ शकत नाही किंवा आपल्या निर्णयाचे स्वरूप समजण्यास त्याला भरीव मदत लागते असे मानसिक आरोग्य व्यावसायिकाचे मत झाले, तर तपासणीसाठी त्याला जास्तीत जास्त २४ तास थांबवता येते, आणि त्या मुदतीत एकतर कलम ८९ खाली भरती किंवा सुटका, यांपैकी एक निर्णय करावाच लागतो.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट लक्षात घ्यावी. ‘सहा महिन्यांचा कोर्स’ सांगून सगळे पैसे आगाऊ घेणे आणि मध्येच सुटका मागणाऱ्याला ‘करार झाला आहे’ म्हणून अडवणे, ही पद्धत स्वतंत्र रुग्णाच्या बाबतीत कायद्याशी जुळतच नाही. शुल्क महिन्याच्या हिशेबाने घ्यावे आणि लवकर गेल्यास किती रक्कम परत मिळेल हे पावतीवर लिहावे.

कलम ८९ खालील भरती, म्हणजे साहाय्याने भरती, ज्याला आपला निर्णय स्वतंत्रपणे घेणे शक्य नाही अशा रुग्णासाठी असते. त्यासाठी रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाला निर्णयात मदत करण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीचा, अर्ज लागतो. भरतीच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत दोघांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासलेले असावे लागते. त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञच हवा, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा वैद्यकीय व्यावसायिक चालतो. स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, इतरांवर हिंसा किंवा तिची भीती, अथवा स्वतःची काळजी घेण्यातली धोकादायक असमर्थता, यांपैकी काहीतरी दिसलेच पाहिजे, आणि कमी बंधनाचा दुसरा मार्ग उपलब्ध नसला पाहिजे. दारू पितो, नोकरी सोडली, घरात भांडतो, एवढ्याने ही कसोटी पूर्ण होत नाही.

पत्नीने किंवा वडिलांनी कागदावर सही केली, मग रात्री गाडी आणि चार माणसे पाठवून रुग्णाला उचलून आणले, ही पद्धत अनेक ठिकाणी इतकी रूढ आहे की तिच्यात काही चूक आहे असे कोणाला वाटतच नाही. घरच्यांची हतबलता खरी असते, रात्ररात्र जागून काढलेल्या त्या माणसांना दोष देणे मला कधीही जमणार नाही. परंतु नातेवाइकाची सही ही दोन स्वतंत्र तपासण्यांची जागा घेऊ शकत नाही, आणि माणसाला अन्यायाने अडकवून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. घरी जाऊन समजावणारा समुपदेशक पाठवा, मनोविकारतज्ज्ञाची भेट घरी घडवून आणा, राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा १४४४६ किंवा टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक कुटुंबाला द्या. जीव वाचवण्यासाठी तातडीचा उपचार लागत असेल तर कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक घरीसुद्धा तो देऊ शकतो, मात्र ती मुभा साधारणपणे ७२ तासांपुरती आहे.

कलम ८९ खाली भरती झाली की तारखांची मोजणी सुरू होते. स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असेल तर तीन दिवसांच्या आत आणि इतरांच्या बाबतीत सात दिवसांच्या आत पुनरावलोकन मंडळाला अहवाल जायला हवा. प्रतिनिधीच्या संमतीने उपचार चालू असतील तर रुग्णाच्या संमती देण्याच्या क्षमतेचा आढावा दर सात दिवसांनी घ्यावा लागतो. ही भरती ३० दिवसांपर्यंतच चालते. समजा एक पुरुष रुग्ण ३ जूनला दाखल झाला, तर १० जूनच्या आत मंडळाला अहवाल आणि २ जुलैला ३० दिवस पूर्ण, असे त्याच्या भरतीपत्रकाच्या डोक्यावर लाल शाईने लिहून ठेवावे. पुढेही त्याला ठेवणे आवश्यक वाटले तर कलम ९० लागते. त्यात दोन मनोविकारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि मंडळाची परवानगी हवी, आणि मुदत आधी ९०, मग १२०, मग १८० दिवसांपर्यंत अशी टप्प्याटप्प्याने वाढते. रुग्ण घरी गेल्यापासून सात दिवसांच्या आत त्याला पुन्हा साहाय्याने भरती करायचे झाले, तर तीही कलम ९० खालीच होते. ‘एक दिवस घरी पाठवून नवा कागद करू’ ही पळवाट कायद्याने आधीच बंद केली आहे.

अल्पवयीन मुलांबाबत नव्या केंद्रांना माझा सल्ला असा, की सुरुवातीला त्यांना दाखल करूच नका. त्यांना प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते, पालक किंवा सोबतीला नेमलेली व्यक्ती पूर्ण वेळ त्यांच्याबरोबर राहावी लागते, मंडळाला ७२ तासांत कळवावे लागते. गोंद हुंगणारी लहान मुले पाहून जीव तुटतो हे खरे, पण त्यांची सोय वेगळ्या तयारीची आहे.

अमली पदार्थांच्या खटल्यातील रुग्णांविषयीही थोडे जाणून असावे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कलम ६४अ नुसार, व्यसनी व्यक्तीवर अल्प प्रमाणाचा किंवा सेवनाचा आरोप असेल आणि ती स्वेच्छेने उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र उपचार शासनाने किंवा स्थानिक संस्थेने चालवलेल्या अथवा मान्यता दिलेल्या ठिकाणी व्हावे लागतात. आपली नोंदणी म्हणजे ती मान्यता असे गृहीत धरून रुग्णाला आश्वासन देऊ नये.

आतले दिवस

कलम २० वाचताना ते आपल्या केंद्रांना डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिले आहे की काय असे वाटते. रुग्णाचे डोके सक्तीने भादरता येत नाही. त्याला स्वतःचे कपडे घालण्याचा अधिकार आहे. स्वच्छ जागा, पुरेसे अन्न, खासगीपणा आणि करमणूक हेही त्याचे हक्क आहेत. त्याच्याकडून आस्थापनेत सक्तीने काम करून घेता येत नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो. श्रमदानाच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना शेवटची अट खटकते. स्वतःचे अंथरूण आवरणे, ताट धुणे यात शिस्त आहे आणि तिचा उपयोगही होतो. परंतु आचारी न ठेवता चाळीस जणांचा स्वयंपाक रुग्णांकडून करून घेणे याला उपचार म्हणता येणार नाही.

भेटी आणि फोन यांवर सरसकट बंदी हाही असाच विषय आहे. कलम २६ नुसार भेटायला आलेल्याला भेटणे किंवा नाकारणे, फोन करणे आणि घेणे हा रुग्णाचा अधिकार आहे. पहिले काही दिवस संपर्क कमी असावा असे उपचाराच्या दृष्टीने वाटत असेल तर ते रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने ठरवावे आणि तशी नोंद करावी.

शारीरिक बंधन शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून कधीही घालता येत नाही. समोर दिसणारी तात्काळ इजा टाळण्याचा तो एकमेव उपाय असेल आणि उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने त्याला मान्यता दिली असेल, तेव्हाच तो योजायचा, त्याची कारणे व वेळ नोंदवहीत लिहायची आणि २४ तासांच्या आत नामनिर्देशित प्रतिनिधीला कळवायचे. एकांतकोठडी पूर्णपणे निषिद्ध आहे. ज्या केंद्रात मारहाणीची खोली असते तिला काही टोपणनाव असते, आणि ते सगळ्या रुग्णांना ठाऊक असते; नव्या चालकाने आपल्या केंद्रात अशी खोली तयार होत नाही ना, हे स्वतः रात्री-अपरात्री जाऊन पाहावे.

‘दाखल झाला तेव्हा असा, आता असा’ अशी रुग्णांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्याची टूम आली आहे. उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांकडे देण्यास कलम २४ मनाई करते. दाखल असलेल्या माणसाकडून सही घेतली तरी त्याला नकार देणे खरोखर शक्य होते का, हा प्रश्न उरतोच, म्हणून अशी छायाचित्रे टाकूच नयेत.

तपासणी, लेखापरीक्षण आणि दंड

प्राधिकरण तक्रारीवरून किंवा स्वतःहून तपासणी करू शकते, आणि प्रत्येक नोंदणीकृत आस्थापनेचे लेखापरीक्षण, म्हणजे ती किमान मानके पाळते का याची पाहणी, दर तीन वर्षांनी होते. त्रुटी आढळल्यास कारणे दाखवा नोटीस येते व पुढे नोंदणी रद्द होऊ शकते. नोंदणीशिवाय केंद्र चालवल्यास मूळ कायद्यानुसार पहिल्या वेळी ५,००० ते ५०,००० रुपये, दुसऱ्या वेळी ५०,००० ते २ लाख आणि त्यानंतर प्रत्येक वेळी २ ते ५ लाख रुपये दंड आहे. अशा केंद्रात जाणूनबुजून काम करणाऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकालाही २५,००० रुपयांपर्यंत दंड होतो. डॉक्टरांशी करार करताना ते तुमचे प्रमाणपत्र मागतील ते यासाठीच, आणि त्यांनी मागितले नाही तर आपणच दाखवावे. कायद्याच्या इतर तरतुदींच्या भंगासाठी कारावासाचीही तरतूद आहे.

तपासणीसाठी वेगळी ‘फाइल’ सजवण्याची गरज पडू नये. भरतीपत्रके, दोन तपासण्यांचे अहवाल, संमतीपत्रे, मंडळाला पाठवलेल्या अहवालांच्या पोचपावत्या, बंधनाची नोंदवही, औषधांची नोंद, रात्रपाळीचा तक्ता, तक्रारवही आणि अग्निसुरक्षेची प्रमाणपत्रे, ही सगळी रोजच्या कामातूनच तयार होणारी कागदपत्रे आहेत. तक्रारवही वर्षभर कोरी असेल तर अधिकारी शंका घेतील आणि ती शंका रास्त असेल.

रुग्ण घरी जाताना

कलम ९८ प्रत्येक रुग्णाच्या सुटकेपूर्वी पुढील उपचारांची आखणी करायला सांगते: मनोविकारतज्ज्ञाने रुग्णाशी, त्याच्या प्रतिनिधीशी, तो ज्यांच्याबरोबर राहणार आहे त्या घरच्यांशी आणि पुढे त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ती करायची असते. ही आखणी एका पानात मावते. कोणती गोळी किती दिवस घ्यायची, पाठपुराव्याला कोणत्या तारखेला यायचे, गावाजवळ अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या परस्परमदत गटाची, सभा कोणत्या वारी भरते, पुन्हा पिण्याची ओढ लागली तर पहिला फोन कोणाला करायचा. रुग्णाने आपल्या उपचारांचे कागद मागितले तर ते मिळणे हा त्याचा अधिकार आहे, तेव्हा हे पान आणि औषधांचा सारांश त्याने मागण्याची वाट न पाहता त्याच्या हातात द्यावा, एक प्रत घरच्यांना द्यावी, आणि पहिल्या पाठपुराव्याच्या तारखेला तो आला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी फोन करायचा, त्या कार्यकर्त्याचे नाव त्याच पानाच्या तळाशी लिहावे.